रिकाम्या खुर्च्यांनी मालक जातो का? ब्लॅकपूलचा हिशेब

मैदानकाठ

इंग्लंडमधल्या ब्लॅकपूल एफसी या फुटबॉल क्लबच्या समर्थकांनी मालकांविरुद्ध घातलेल्या बहिष्काराचा उल्लेख इथे अधूनमधून येतो, पण नीट चर्चा झालेली नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय.

घटनाक्रम थोडक्यात असा. मे २०१० मध्ये वेम्बलीवर कार्डिफला ३-२ हरवून क्लब प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे सर्वांत वरच्या स्तरावर गेला. पुढच्याच हंगामात ३९ गुण मिळवूनही खाली आला. २०१५ मध्ये तिसऱ्या स्तरावर, २०१६ मध्ये चौथ्या. २०१३-१४ मध्ये ब्लूमफील्ड रोड या घरच्या मैदानावर सरासरी चौदा हजार प्रेक्षक असायचे, २०१६-१७ मध्ये जाहीर सरासरी साडेतीन हजारांच्या आसपास आली. समर्थकांची घोषणा एकच होती, 'आता एक पेनीसुद्धा नाही'. २०१९ मध्ये मालक असलेल्या ऑयस्टन कुटुंबाच्या हातून क्लब गेला.

माझे प्रश्न तीन:

१. प्रेक्षकसंख्येचे आकडे कितपत खरे असतात? संघ हरतोय म्हणून लोक येत नाहीत की संचालकांवर विश्वास उरला नाही म्हणून, हे आकड्यांवरून कसं ओळखायचं?

२. मालक बहिष्कारामुळे गेला की कोर्टामुळे?

३. समर्थकांच्या एखाद्या गटाला हे करायचं असेल तर नेमकी सुरुवात कुठून करायची? 'आवाज उठवा' छापाचं उत्तर नको आहे, कामाच्या पायऱ्या हव्यात.

हिशेबनीस

पहिला प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, आणि तिथेच बहुतेक जण फसतात.

इंग्लंडमध्ये सामना चालू असताना जो आकडा जाहीर होतो तो साधारणपणे दिलेल्या तिकिटांचा असतो, आत आलेल्या माणसांचा नाही. सीझन तिकीट घेऊन घरी बसलेला माणूसही त्यात मोजला जातो. म्हणून फोटोत अर्धा स्टँड रिकामा आणि जाहीर आकडा भरगच्च, असं दिसतं. खरा आकडा टर्नस्टाइलवरचा, म्हणजे प्रवेशद्वारावरच्या फिरत्या फाटकातून आत गेलेल्यांचा. मोठ्या मैदानांना १९७५ च्या क्रीडा मैदान सुरक्षा कायद्याखाली स्थानिक कौन्सिलकडून सुरक्षा प्रमाणपत्र घ्यावं लागतं, त्यामुळे आत किती माणसं होती याची नोंद सुरक्षेसाठी ठेवली जाते आणि बऱ्याचदा ती कौन्सिलकडे किंवा पोलिसांकडे जाते. ही दोन्ही सार्वजनिक कार्यालयं, म्हणजे २००० च्या माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली अर्ज करता येतो. उत्तराची मुदत कामाचे २० दिवस. अर्जात 'प्रेक्षकसंख्या कळवावी' एवढंच लिहिलं तर जाहीर आकडाच परत येतो. सामन्याची तारीख, प्रतिस्पर्धी, टर्नस्टाइलची मोजणी, यजमान आणि पाहुणे प्रेक्षक वेगवेगळे, असं खोलून मागायचं.

मग तुलना. एकूण आकड्यातून पाहुणे वजा केल्याशिवाय काहीच कळत नाही. मोठ्या क्लबचे दोन हजार लोक आले की घसरण झाकली जाते. शनिवार दुपारचा सामना मंगळवार रात्रीच्या सामन्याशी लावायचा नाही. शाळांना फुकट तिकिटं वाटलेले सामने बाजूला काढायचे.

कारण ओळखायची माझी कसोटी अशी: घरचे प्रेक्षक घटले, पण बाहेरगावच्या सामन्यांना जाणारे तेवढेच राहिले, तर लोकांचं संघावरचं प्रेम आटलेलं नाही, ते घरच्या गल्ल्यात पैसा टाकायला तयार नाहीत. १९८३ पासून इंग्लिश लीगमध्ये गेटचा पैसा यजमानाकडेच राहतो. म्हणून बहिष्कार घालणारा ब्लॅकपूलचा समर्थक बाहेरगावी जाऊन गाऊ शकत होता, तिथलं तिकीट ऑयस्टन यांच्या खिशात जात नव्हतं. एफए कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेत मात्र हिशेब वेगळा: कर आणि खर्च वजा जाता दोन्ही संघांना प्रत्येकी ४५ टक्के, उरलेले १० टक्के सामायिक निधीत. म्हणजे कपात बाहेरगावी गेलात तरी आपल्या मालकाला वाटा मिळतो. बहिष्काराच्या पत्रकात हा फरक लिहिलेला नसेल तर लोक अजाणता पैसे देऊन बसतात.

दोन्ही आकडे, घरचे आणि बाहेरचे, एकदम घसरले तर मात्र कारण खेळात, तिकिटाच्या दरात किंवा सामन्याच्या वेळेत शोधायचं. तिथे संचालकांविरुद्ध मोहीम उभी केली तर ती फसते.

आता पैसा. तिकिटाच्या किमतीत २० टक्के व्हॅट आहे, म्हणजे १८ पौंडांच्या तिकिटातले १५ पौंडच क्लबला मिळतात. ईएफएलच्या (प्रीमियर लीगखालच्या तीन स्तरांची लीग) तिन्ही विभागांत प्रत्येकी २४ संघ, म्हणजे घरचे २३ सामने. पाच हजार लोक कमी झाले असं धरू:

५,००० × १५ × २३ = १७ लाख २५ हजार पौंड

खाण्यापिण्याचे माणशी ३ पौंड धरले तर आणखी ३ लाख ४५ हजार. सगळे मिळून साधारण २१ लाख पौंड. चौथ्या स्तरावरच्या क्लबसाठी हा जीवघेणा फटका आहे. पण प्रीमियर लीगमधून खाली आलेल्या क्लबला त्या वेळच्या नियमाप्रमाणे चार वर्षांत ४ कोटी ८० लाख पौंडांचं पॅराशूट पेमेंट मिळायचं: पहिली दोन वर्षं १ कोटी ६० लाख, पुढची दोन वर्षं ८० लाख. ब्लॅकपूल २०११ ला खाली आला, म्हणजे शेवटचा हप्ता २०१४-१५ चा. त्याआधी सगळं मैदान रिकामं ठेवलं असतं तरी मालकाला घाम फुटला नसता. बहिष्कार बोचायला लागला तो २०१५ नंतर, आणि त्याचं कारण हे आहे.

आणखी एक. सीझन तिकीट घेऊन मग सामन्याला न जाणं म्हणजे पैसे देऊन खुर्ची रिकामी ठेवणं. फोटो चांगला येतो, गल्ल्यावर काही परिणाम होत नाही. दबाव आणायचा तो नूतनीकरणाच्या वेळी, म्हणजे वसंतात. त्या महिन्यांत क्लबकडे दुसरी रोकड फारशी नसते आणि उन्हाळ्याचे पगार याच पैशावर निघतात.

डावी_बगल

हिशेब बरोबर आहे, पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातून निघत नाही. ऑयस्टन यांना बाहेर काढलं ते कोर्टाने.

लात्वियाचे व्हॅलेरी बेलोकोन यांच्याकडे २००६ पासून क्लबचे २० टक्के समभाग होते. प्रीमियर लीगच्या वर्षात मालक ओवेन ऑयस्टन यांच्या कंपनीला १ कोटी १० लाख पौंड दिले गेले, आणखीही पैसा समूहातल्या इतर कंपन्यांकडे वळला. बेलोकोन यांनी २००६ च्या कंपनी कायद्यातल्या ९९४ व्या कलमाखाली दावा केला. अल्पमतातल्या भागधारकाचं अन्याय्य नुकसान होत असेल तर दाद मागायचं हे कलम. ६ नोव्हेंबर २०१७ ला न्यायमूर्ती मार्कस स्मिथ यांनी क्लबचा पैसा बेकायदा काढून घेतल्याचं ठरवलं आणि बेलोकोन यांचे समभाग ३ कोटी १२ लाख ७० हजार पौंडांना विकत घ्यायचा आदेश दिला. रक्कम पूर्ण भरली गेली नाही, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये कोर्टाने रिसीव्हर, म्हणजे मालमत्ता ताब्यात घेऊन वसुली करणारा अधिकारी नेमला. जूनमध्ये सायमन सॅडलर यांनी क्लब घेतला.

२० टक्के समभाग असलेला, वकिलांचा खर्च झेपणारा भागधारक ज्या क्लबकडे नाही तिथे काय करणार?

किंमतही कोणी मोजत नाही. दोन वेळा खालचा विभाग. आणि ज्या वयात मुलं बापाचं बोट धरून मैदानात यायला लागतात ती चार वर्षं एका अख्ख्या पिढीची गेली. आठ वर्षांचं पोर बारा वर्षांचं होईपर्यंत मैदानाची पायरी चढलं नाही, तर ते लिव्हरपूल किंवा मँचेस्टरचं होऊन जातं, मग ते परत येत नाही. प्रेक्षकसंख्येची खरी हानी ही आहे आणि ती कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही.

याच्या उलट लिव्हरपूल. नव्या मेन स्टँडमधलं सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांचं होणार असं जाहीर झालं. ६ फेब्रुवारी २०१६, संडरलंडविरुद्ध २-० अशी आघाडी, ७७ व्या मिनिटाला हजारो लोक उठून चालू लागले. सामना २-२ असा सुटला. १० फेब्रुवारीला मालकांनी निर्णय मागे घेतला आणि सर्वांत महाग तिकीट ५९ पौंडांवर गोठवलं. चार दिवसांत काम झालं. एक मिनिट, एक आकडा, एक मागणी, आणि ती मालकाला मान्य करता येण्यासारखी.

हिशेबनीस

लिव्हरपूलचं उदाहरण दुसऱ्या जातीचं आहे. तिथे वाद दराचा होता, मालकाच्या हेतूचा नव्हता. ज्याला क्लब टिकवायचाय त्याला उठून जाणारे लोक दिसले की तो हलतो. ज्याने पैसा आधीच बाहेर काढलाय त्याला ७७ व्या मिनिटाचं काही वाटत नाही. म्हणून आधी ठरवायचं की संचालक चुकलेत की संचालकांचा हेतूच वेगळा आहे. दोन्हीला एकच औषध चालत नाही.

निकाल कोर्टात लागला हे मान्य. पण ३ कोटी भरायची वेळ आली तेव्हा मालकाकडे काय होतं? रिकामं मैदान आणि न वाढणारं उत्पन्न. चौदा हजार लोक दर पंधरवड्याला पैसे टाकत असते तर त्या उत्पन्नावर कर्ज काढून हप्ते भागवता आले असते, आणि क्लब त्यांच्याकडेच राहिला असता, असं माझं ठाम मत आहे. कोर्टाने दार उघडलं, पण आत रोकड नव्हती हे काम समर्थकांचं.

लोक संघाला कंटाळले नव्हते याचा पुरावा ९ मार्च २०१९ चा. रिसीव्हर आल्यावर बहिष्कार मागे घेतला आणि साउथएंडविरुद्धच्या पहिल्याच घरच्या सामन्याला १५,८७१ लोक आले. संघ तोच, विभाग तिसराच, काही आठवड्यांपूर्वी तेच स्टँड ओस पडलेले. सामना २-२ झाला, कुणाला त्याचं काही नव्हतं. २०१७ ला क्लब एक्सेटरला २-१ हरवून चौथ्या स्तरावरून वर आला तेव्हा वेम्बलीवर दोन्ही बाजू मिळून २३,३८० लोक होते. २०१० च्या प्ले-ऑफ अंतिम सामन्याला ८२,२४४. वेम्बलीवर आपला संघ खेळत असताना घरी बसणं किती जड गेलं असेल, याचा विचार केल्याशिवाय या बहिष्काराबद्दल हलकं बोलू नये.

एक धोका मात्र सांगायला हवा. रिसीव्हर म्हणजे दिवाळखोरीची घटना असं ईएफएलने धरलं असतं तर १२ गुण कापले गेले असते. तसं झालं नाही, पण शक्यता खरी होती. मोहीम चालवणाऱ्यांनी ही गोष्ट सभासदांना आधी सांगायची, नंतर नाही.

कागदपत्रं

तिसऱ्या प्रश्नावर, म्हणजे सुरुवात कुठून. हे इंग्लंडपुरतं आहे.

कंपनीज हाउस या सरकारी कंपनी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर क्लबचे हिशेब फुकट बघता येतात. पण फक्त क्लबच्या कंपनीचा कागद उघडून थांबायचं नाही, तिच्या वरची मूळ कंपनी शोधायची. ब्लॅकपूलचा खटला क्लबच्या मूळ कंपनीभोवती, 'ब्लॅकपूल फुटबॉल क्लब (प्रॉपर्टीज)'भोवती फिरला. हिशेबात तीन ठिकाणी बोट ठेवा: संबंधित व्यक्तींशी झालेले व्यवहार, समूहातल्या इतर कंपन्यांकडून येणं आणि देणं, आणि ताळेबंदानंतरच्या घटना. मग तारण नोंदी: मैदान किंवा येणारा टीव्हीचा पैसा कुणाकडे गहाण आहे का. खासगी कंपनीला आर्थिक वर्ष संपल्यावर हिशेब भरायला नऊ महिने मिळतात. मुदत वारंवार चुकणं किंवा वर्षअखेरीची तारीख बदलणं हे लक्षण चांगलं नाही. लहान कंपनीला संक्षिप्त हिशेब भरायची मुभा असते, त्यामुळे नफा-तोटा दिसला नाही म्हणून लगेच लपवाछपवीचा आरोप करू नये.

मैदान कुणाच्या नावावर आहे हे लँड रजिस्ट्रीत काही पौंड भरून कळतं. हे पहिल्या आठवड्यातच करा. क्लब एकाचा आणि मैदान दुसऱ्याचं असलं की काय होतं ते कॉव्हेंट्रीने पाहिलं: भाड्याच्या वादात २०१३-१४ चा अख्खा हंगाम ३५ मैलांवरच्या नॉर्दम्प्टनच्या सिक्सफील्ड्सवर, सरासरी २,३०० च्या आसपास. तिकीट न काढता बाहेरच्या टेकडीवरून सामना बघणारे समर्थक तेव्हा दर सामन्याला दिसायचे. ५ सप्टेंबर २०१४ ला आपल्या मैदानावर परतले तर जिलिंगहॅमविरुद्ध २७,३०६.

मैदानाला 'सामुदायिक मूल्याची मालमत्ता' म्हणून नोंदवता येतं, २०११ च्या लोकॅलिझम कायद्याखाली. अर्ज कौन्सिलकडे, नोंद पाच वर्षं टिकते. मालकाला विकायचं झालं तर आधी सहा आठवडे थांबावं लागतं. त्या काळात समर्थक गटाने बोली लावायची इच्छा कळवली तर ही मुदत एकूण सहा महिन्यांची होते. विक्री थांबत नाही, वेळ मिळतो. ऑक्सफर्डच्या कसम स्टेडियमची २०१३ ची नोंद ही फुटबॉलमधली पहिली.

गट नोंदवताना फेसबुकवरच्या ग्रुपवर भागत नाही. सपोर्टर्स ट्रस्ट ही 'कम्युनिटी बेनिफिट सोसायटी' म्हणून एफसीए या वित्तीय नियामकाकडे नोंदवायची, २०१४ च्या कायद्याखाली. किमान तीन सभासद लागतात, एका सभासदाला एकच मत, शेअर कितीही असोत. तयार नियमावली फुटबॉल सपोर्टर्स असोसिएशनकडे आहे, ती वापरा, स्वतः लिहायला जाऊ नका. खजिनदार आणि अध्यक्ष एकच माणूस नको. नोंदणी नसेल तर मैदानासाठी बोली लावायची इच्छा कळवणं, बँक खातं, उद्या समभाग विकत घेणं, सगळंच अडतं. पोर्ट्समथच्या समर्थकांनी एप्रिल २०१३ मध्ये क्लब ताब्यात घेतला तो माणशी १,००० पौंडांचे शेअर घेऊन, आणि ते जमलं कारण ट्रस्टचा सांगाडा आधीच उभा होता.

लिहिताना जपा. ब्लॅकपूलमध्ये काही समर्थकांवर बदनामीचे दावे झाले. 'पैसा खाल्ला' असं लिहू नका. 'अमुक वर्षाच्या हिशेबात, अमुक टिपणीत, अमुक कंपनीला इतकी रक्कम दिल्याचं दिसतं, हे कशासाठी?' असं लिहा आणि पानाचा फोटो जोडा. आणि काही झालं तरी खेळपट्टीवर उतरू नका. २ मे २०१५ ला हडर्सफील्डविरुद्धचा सामना त्यामुळे अर्ध्यातच सोडावा लागला. जगभर बातमी झाली हे खरं, पण १९९१ च्या कायद्याने तो गुन्हा आहे आणि मैदानबंदीचा आदेश किमान तीन वर्षांचा असतो. मोहिमेतली सगळ्यांत उत्साही माणसं त्यातच गमावली जातात.

आता एक नवं दार आहे. २१ जुलै २०२५ ला फुटबॉल गव्हर्नन्स कायद्याला मंजुरी मिळाली. वरच्या पाच स्तरांतल्या क्लबांना स्वतंत्र नियामकाचा परवाना लागणार, मालकाच्या योग्यतेची तपासणी होणार, मैदान विकायला परवानगी लागणार, आणि बोधचिन्ह किंवा घरचे रंग बदलायचे तर समर्थकांची संमती हवी. म्हणजे २० टक्क्यांचा भागधारक नसला तरी तक्रार घेऊन जायला जागा झाली. डावी_बगल, तुमच्या शंकेचं हे निदान अर्धं उत्तर आहे. मात्र तक्रारीसोबत वर सांगितलेले कागद लागतीलच.

मैदानकाठ

फार उपयोगी, विशेषतः घरचे-बाहेरचे प्रेक्षक वेगळे काढायची कसोटी. यातलं भारतात काय चालेल? केरला ब्लास्टर्सच्या मंजप्पडा या समर्थक गटाने २०२४-२५ च्या हंगामात व्यवस्थापनाविरुद्ध निषेध केला, तिकीटविक्रीतून अंग काढलं. पण पुढची पायरी काय?

फातोर्डा_पूर्व

इथे पाया वेगळा आहे. आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग) फ्रँचायझीला गावाशी बांधून ठेवणारं समर्थकांच्या हातात काहीच नाही. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी बंद झाला आणि त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. बालेवाडीला येणाऱ्या माणसाला कुणी विचारलं नाही. गोव्यात साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी २०१६ मध्ये आय-लीग सोडली, मागोमाग धेंपोनेही, तेव्हाही निर्णय वरच्या वर झाले. म्हणून इथे सरळ बहिष्कार घातला तर मालक सुधारण्याऐवजी क्लब गुंडाळेल ही भीती खरी आहे.

तरी दोन गोष्टी आजही करता येतात.

एक, क्लब चालवणारी कंपनी खासगी असली तरी तिचे हिशेब कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर १०० रुपये भरून बघता येतात. एओसी-४ मध्ये ताळेबंद, एमजीटी-७ मध्ये भागधारक आणि संचालक. पैसे भरल्यावर ठरावीक तासच कागद उघडे राहतात, तेव्हा बसल्या बैठकीला सगळं उतरवून घ्यायचं. टिपणींमध्ये मूळ कंपनीकडून घेतलेलं कर्ज किती वाढलं ते वर्षवार मांडलं की मालक किती दिवस तग धरेल याचा अंदाज येतो. इथे बहुतेक क्लब तोट्यात आहेत, त्यामुळे ब्लॅकपूलसारखा 'पैसा काढला' हा प्रश्न नसून 'पैसा घालणं कधी थांबेल' हा आहे.

दोन, मैदानं सरकारी आहेत. फातोर्डा गोवा क्रीडा प्राधिकरणाचं, कोचीचं जीसीडीए या तिथल्या विकास प्राधिकरणाचं, बालेवाडी राज्य सरकारचं. क्लब माहिती अधिकाराखाली येत नाही, पण मैदानाचा मालक येतो. भाडेकरार, थकबाकी, प्रत्येक सामन्याला मंजूर प्रेक्षकसंख्या, हे १० रुपयांच्या अर्जावर मागता येतं, मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून भाडं आणि प्रेक्षकसंख्या यांचे अर्ज वेगळे करा. 'त्रयस्थ पक्षाची माहिती' म्हणून नकार आला तर घाबरू नका: कलम ११ प्रमाणे त्या पक्षाला नोटीस देऊन त्याचं म्हणणं ऐकावं लागतं, थेट नकार देता येत नाही. ३० दिवसांत पहिलं अपील.

डावी_बगल

फातोर्डाचा करार हाती आला तर एक कलम आधी बघा: भाडं ठोक आहे की तिकीटविक्रीच्या टक्केवारीत. टक्केवारी असेल तर प्रत्येक सामन्याच्या विक्रीचा तक्ता प्राधिकरणाकडे जमा होत असणार, आणि तोच तुमचा टर्नस्टाइलचा आकडा. पुढचा अर्ज त्या तक्त्यासाठी करा, हंगामवार, सामन्याच्या तारखेसह, फुकट पासांचा रकाना वेगळा मागून.